हरलेल्याच्या घरचा चहा

साहेबांची एक गोष्ट अख्ख्या मतदारसंघाला ठाऊक होती. निकाल लागला की त्याच संध्याकाळी साहेब हरलेल्याच्या घरी चहाला जात. मिरवणूक नंतर, सत्कार नंतर, वरून येणारे अभिनंदनाचे फोनसुद्धा नंतर. आधी अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, मागच्या सीटवर फळांची करंडी, एका बाजूला वहिनी, पुढे ड्रायव्हरशेजारी फोटोवाला, आणि गाडी थेट पडलेल्या उमेदवाराच्या दारात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली 'दिलदार विरोधक', 'राजकारणातला शेवटचा सज्जन' असलं काहीबाही छापलेलं. लोक म्हणायचे, माणूस असावा तर असा.

लोकांचं काय जातंय म्हणायला! त्या घरांच्या स्वयंपाकघरात लोकांना बसावं लागलं नव्हतं. वहिनींना लागलं होतं.

वहिनी म्हणजे साहेबांची बायको. लग्न होऊन आल्या आल्या कार्यकर्त्यांनी त्यांना वहिनी म्हणायला सुरुवात केली आणि मग दूधवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या. स्वतःच्या नावानं हाक मारणारं एकच घर होतं, माहेरचं. त्या घराचं काय झालं ते पुढे येईलच.

पहिल्या निवडणुकीत साहेब पडले होते. तेव्हा ते साहेब नव्हते, विम्याचे एजंट होते. दारोदार फिरायची सवय आणि समोरच्याचं 'नाही' कानाआड करायची कला, एवढ्या भांडवलावर ते उभे राहिले आणि गिरणीवाल्या शेठकडून साडेसातशे मतांनी हरले. त्या संध्याकाळी शेठ त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी आले. बरोबर फळांची करंडी. वहिनी नवी नवरी, तरी चहा झकास केला. शेठनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, "पोरा, वय आहे तुझं, पुढच्या वेळी बघ," म्हणाले, आणि चहाला तोंड न लावता निघून गेले.

शेठच्या मनात वाईट नसेलही. पोट बिघडलं असेल, किंवा दिवसभरात वीस घरी चहा झाला असेल. पण साहेब त्या कपाकडे बघत बसले, वर साय धरेपर्यंत. करंडीतलं एक सफरचंदसुद्धा त्यांनी वहिनींना खाऊ दिलं नाही. सगळी फळं तिथंच टेबलावर काळी पडू दिली. घरभर वास सुटला तेव्हा स्वतः उचलून कचऱ्यात टाकली आणि म्हणाले, "आता बघ."

दुसऱ्या खेपेला शेठना दोन हजारांनी पाडलं आणि त्याच संध्याकाळी करंडी घेऊन साहेब शेठच्या बंगल्यावर हजर. चहा आला. साहेबांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, बशीत सांडलेलाही, फुर्र आवाज करत. मग कप पुढे केला. "शेठाणी, आणखी अर्धा कप मिळेल?"

शेठना कळलं. चेहऱ्यावरून कळलं की त्यांना कळलं. बाहेर गाडीत बसल्यावर साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. खोटं कशाला सांगा, वहिनीही हसल्या. आपल्या चहाचा अपमान झाला होता, तो नवऱ्यानं व्याजासकट वसूल केला, असं त्यांना वाटलं.

तिथंच थांबले असते तर गोष्ट गोड होती. पण चटक लागली. घेतला वसा साहेबांनी टाकला नाही.

तिसऱ्या निवडणुकीत समोर एक निवृत्त मास्तर होते. भले गृहस्थ, सायकलवरून प्रचार करायचे. त्यांचं डिपॉझिट जप्त झालं. साहेब गेले तेव्हा मास्तरांचे चार जुने विद्यार्थी सांत्वनाला बसले होते. त्यांच्यासमोर साहेब म्हणाले, "काय मास्तर, पास होण्यापुरते तरी मार्क पाडायचे!" विद्यार्थी हसले, मास्तर हसले, फोटो छान आला. आणि मग अर्ध्या कपाची मागणी झाली. आत मास्तरीणबाई पातेलं हातात धरून उभ्या होत्या. घरातलं दूध संपलं होतं. त्या मागच्या दारानं शेजारी दूध मागायला गेल्या, आणि वहिनी त्या स्वयंपाकघरात एका पाटवजा स्टुलावर बसून राहिल्या. त्या दिवशी गाडीत साहेब एकटेच हसले.

चौथी निवडणूक वहिनींच्या भावाशी झाली.

भावाचा छापखाना होता, बाजाररस्त्यावर, वडिलांनी सुरू केलेला. साहेबांची पहिली पत्रकं तिथलीच. पण साहेब आमदार झाल्यावर रस्ता रुंद करायचं निघालं, आणि रुंदीकरणाची रेघ साहेबांच्या मित्राच्या हॉटेलापाशी येऊन अशी काही लाजली की तिनं अंग चोरलं आणि समोरच्या बाजूला छापखान्याचा अर्धा दर्शनी भाग खाऊन टाकला. भाऊ साहेबांकडे आला, बोलला, भांडला. साहेब म्हणाले, "नातं घरात. सार्वजनिक काम वेगळं." भावाला राग आवरेना. विरोधकांनी तिकीट पुढे केलं आणि त्यानं ते घेतलं. राग हा काही निवडून येण्याचा गुण नव्हे. साहेबांनी मेव्हण्याला एकवीस हजारांनी झोपवलं. त्यांच्या कारकिर्दीतला तो सर्वांत मोठा विजय.

"आज तरी नको," वहिनी म्हणाल्या होत्या. "माझं माहेर आहे ते."

"म्हणूनच जायला हवं. नाहीतर लोक म्हणतील, घरच्यांना वेगळा न्याय."

माहेरच्या बैठकीच्या खोलीत कुणी चहाचं नाव काढेना. भाऊ भिंतीला टेकून उभा. भावजय आतल्या खोलीचं दार लावून बसलेली. शेवटी बाबाच उठले. आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून म्हाताऱ्याची बोटं थरथरायला लागली होती. ते ट्रे घेऊन आले तेव्हा कप बशीत वाजत होते आणि निम्मा चहा ट्रेमध्ये सांडलेला होता. वहिनी पटकन उठायला गेल्या. साहेबांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"बस. तू आज पाहुणी आहेस."

वहिनी बसल्या.

साहेबांनी सावकाश चहा संपवला. फोटोवाल्याला विचारलं, प्रकाश बरा आहे ना. मग कप पुढे केला. "बाबा, आणखी अर्धा कप मिळेल?"

बाबांनी जावयाकडे बघितलंच नाही. लेकीकडे बघितलं. ही उठेल, असं त्यांना वाटलं असावं. ती उठली नाही. मग त्यांनी कप घेतला आणि वळून आत गेले. दुसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा फोटो काढला गेला. निघताना भाऊ दारापाशी एवढंच म्हणाला, "ताई, पुन्हा येऊ नकोस."

वहिनींना वाटलं, राग आहे, जाईल. काठी मारल्यानं पाणी थोडंच दुभंगतं. पण कधी कधी दुभंगतं, ते त्यांना तोवर माहीत नव्हतं. त्या साहेबांच्या मागे लागल्या, एकदा जाऊन या, दोन शब्द गोड बोला, बाबांच्या पाया पडा. साहेब पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "पुढची निवडणूक होऊ दे, मग बघू." नेहमी तेच. जेवताना विचारलं तरी तेच, झोपताना विचारलं तरी तेच. आणि मग एक दिवस बाजारात फळवाला, तोच करंडीवाला, वहिनींना म्हणाला, "वहिनी, तुमच्या बाबांचं कळलं. वाईट झालं हो." बाबांना जाऊन तेव्हा आठवडा झाला होता. लेकीला कुणी कळवलं नव्हतं. वहिनी तिथूनच पिशवीसकट माहेरी धावल्या. भावजयीनं दार अर्धं उघडलं, "हे घरात नाहीत," म्हणाली आणि लावून घेतलं.

त्यानंतर पाचवी निवडणूक झाली, सहावी झाली, सातवी झाली. तेरा हजार, सहा हजार, नऊशे. आकडे उतरणीला लागले, तसा साहेबांच्या करंडीचा आकार वाढत गेला. एक वकील, एक हाडांचे डॉक्टर, एक रस्त्यांचा कंत्राटदार. सगळ्यांच्या घरी चहा, सगळ्यांच्या घरी वरून अर्धा कप. दिवाणखान्यात सहा फोटो ओळीनं लागले. प्रत्येकात साहेब हसताहेत आणि शेजारी एक पडलेला माणूस हसायचा प्रयत्न करतोय. तिसऱ्या फोटोत मात्र हसणारं दुसरं कुणी नव्हतं. कडेला ट्रे धरलेले बाबा होते. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, नजर कॅमेऱ्याच्या बाहेर कुठंतरी. वहिनींकडे बाबांचा म्हातारपणीचा तेवढा एकच फोटो. तो त्या रोज पुसायच्या. साहेबांना वाटायचं, बायकोला आपल्या विजयांचा अभिमान आहे.

आठव्या निवडणुकीला समोर एक जनावरांची डॉक्टर होती. वयानं साहेबांच्या निम्मी. गोठ्यात कोपरापर्यंत हात घालून वासरं सोडवणारी बाई, भाषण करायला उभी राहिली की अडखळायची. साहेब खूश झाले. शेवटच्या सभेत माईक हातात आल्यावर जीभ सुटली. "बाई गुणी आहेत, पण डॉक्टर जनावरांच्या आहेत. त्यांना मतं द्यायची तर जनावरांनीच द्यावी लागतील!" सभा खदखदून हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यारस्त्यावर पाट्या लागल्या: 'होय, आम्ही जनावरं.' रिक्षांवर, दुकानांच्या शटरवर, कॉलेजच्या भिंतीवर. तोंड उघडलं की हे असं होतं. तरीही साहेबांना भीती वाटली नाही. मतमोजणीच्या आदल्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतः फळवाल्याला फोन केला. मोठी करंडी, वर अननस, आणि त्यात त्याच्याकडे सही करून ठेवलेलं नेहमीचं कार्ड. पत्ता निकालानंतर कळवतो.

दुपार व्हायच्या आतच निकाल स्पष्ट झाला. साहेब चौदा हजारांनी पडले.

सकाळी अंगणात चपलांचा ढीग होता. पहिल्या फेऱ्या आल्या तसा तो वितळायला लागला. कुणाला बाहेर फोन घ्यायचा होता, कुणाच्या मुलाला ताप होता, कुणी 'जरा तिकडची परिस्थिती बघून येतो' म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. जेवणाच्या वेळेला उरला एकटा ड्रायव्हर, आणि तोही, गाडी सर्व्हिसिंगला टाकायची आहे, असं म्हणायला लागला. वहिनींनी मोठ्या पातेल्यातला भात लहान पातेल्यात काढला. त्यांना वाईट वाटत होतं का? त्यांनी स्वतःलाच तपासून बघितलं. वाटत नव्हतं. बरं वाटत होतं असंही नाही. इतकी वर्षं ज्या दिवसाची मनातल्या मनात वाट बघितली तो दिवस आला होता, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

साहेब मात्र जेवून उठले ते कामालाच लागले.

"दिवाणखाना आवरून घे. चांगले कप काढ. ती येईल."

"कोण?"

"कोण म्हणजे? डॉक्टरीण! निवडून आलंय की नाही कुणी? या मतदारसंघात रीत आहे ती. मी पाडलीय." ते आरशासमोर शर्टाची कॉलर नीट करत होते. "उद्या पेपरात फोटो येईल. तिचा आणि माझा. त्यात मी हरलेला दिसणार नाही, ज्येष्ठ दिसेन. ती खाली वाकलेली, मी आशीर्वाद देतोय. वरचे लोक बघतील. एखादं महामंडळ सहज देतील."

"आणि नाही आली तर?"

साहेब वळले. क्षणभर त्यांचा चेहरा उघडा पडला. वहिनींनी इतक्या वर्षांत तो तसा बघितला नव्हता. "नाही आली तर मी संपलो," ते म्हणाले. "हरल्यानं कुणी संपत नाही. हरलेल्याच्या दारात कुणी येत नाही, तेव्हा माणूस संपतो. मी काय उगाच जात होतो सगळ्यांकडे?"

म्हणजे आपण त्या लोकांवर उपकारच करत होतो, असं या माणसाला खरोखरच वाटत होतं! वहिनींनी कपाट उघडून चांगले कप काढले. सुंभ जळतो आणि पीळ राहतो तो असा.

मग साहेबांनी फोटोवाल्याला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मागे ढोल आणि फटाके वाजत होते आणि फोटोवाला ओरडून सांगत होता की साहेब, काही ऐकू येत नाही. साहेब म्हणाले, "बरं बरं, तिच्याबरोबरच ये म्हणजे झालं," आणि त्यांनी फोन ठेवला, जणू सगळं ठरल्यासारखं.

वहिनी स्वयंपाकघरात कप पुसत होत्या तेव्हा त्यांचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

"काकू, मी बोलतेय. डॉक्टर." आवाज बसलेला होता. मागे कुणीतरी दार लावलं आणि गोंगाट कमी झाला. "काय बोलावं कळत नाहीये. साहेबांना भेटायला यायचं होतं. आमची आई म्हणाली, तुमच्याकडे तशी पद्धत आहे. मला खरं तर अवघडल्यासारखं होतंय, पण मोठे आहेत, जायला हवं. फोटोबिटो काही नको. मी एकटीच येते, नमस्कार करते आणि निघते. येऊ का?"

मुलगी चांगली होती. म्हणूनच काम सोपं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींना दिवाणखाना दिसत होता. साहेब दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून बघत होते. मग त्यांनी आपली थोडी पुढे सरकवली, पाहुणीची थोडी मागे. त्यांच्या डोक्यावर तिसऱ्या फोटोत बाबा ट्रे घेऊन उभे होते.

एक 'ये' म्हटलं असतं तर पुरे होतं.

"नको येऊस गं बाळा," वहिनी म्हणाल्या. "त्यांना कुणालाही भेटायचं नाहीये."

"मग उद्या येऊ?"

"उद्याही नको."

"निदान फोनवर तरी..."

"झोपलेत ते."

आणि नेमके त्याच वेळी साहेब दिवाणखान्यातून ओरडले, "अगं, या कपांच्या बशा कुठंयत? ती येईल ना एवढ्यात!"

तिकडे डॉक्टरीणबाई गप्प झाल्या. त्यांना ऐकू गेलं होतं. वहिनींनी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि एक शब्दही सावरून घेतला नाही.

"बरं काकू," शेवटी पलीकडून हळू आवाज आला. "काळजी घ्या."

"कुणाचा फोन?" साहेबांनी विचारलं.

"राँग नंबर."

बशा दिल्या. साहेब बसले. पाय टिपॉयवर घेतले, पुन्हा खाली ठेवले. एखादी गाडी रस्त्यावरून गेली की मान वर व्हायची. शेजारच्या घरापुढे एक गाडी थांबली तेव्हा ते उभेच राहिले, पण उतरला तो शेजाऱ्यांचा जावई. मिरवणूक चौकातून वळली. तिचा आवाज जवळ आला, इतका जवळ की काचा हलल्या, आणि मग दुसऱ्या रस्त्यानं निघून गेला. साहेब म्हणाले, "आधी सगळ्यांना वाटेला लावेल, मग शांतपणे येईल. तसंच करायला हवं." वहिनी समोर भाजी निवडत बसल्या होत्या. नवऱ्याला असं झुरताना बघणं त्यांना जमत होतं, आणि आपल्याला ते इतकं जमतंय याचंच त्यांना जरा नवल वाटलं.

दिवे लागायच्या सुमाराला बेल वाजली.

साहेब ताडकन उठले, शर्ट खाली ओढला, पुन्हा बसले. "तू उघड," ते कुजबुजले. "मी बसलेला बरा दिसतो."

दारात फळवाला होता. दोन्ही हातांत ती भलीमोठी करंडी, वर तुरेवाला अननस. "वहिनी, पत्ता कुणी कळवलाच नाही," तो खाली बघत म्हणाला. "फोन करायला जीभ रेटेना. द्राक्षं उद्यापर्यंत टिकायची नाहीत. म्हटलं, घरीच देऊन यावं." करंडी त्यांच्या हातात ठेवून तो जवळजवळ पळालाच.

"कोण आहे? आत घे त्यांना!" आतून साहेबांचा आवाज आला, दमदार, सभेतला.

वहिनी करंडी घेऊन आत आल्या. साहेबांचा चेहरा असा उजळला की बघवेना.

"पाठवली ना? बघ! मी म्हणालो नव्हतो? आधी करंडी पाठवली, आता मागून स्वतः येईल. पोरीला वळण आहे." ते उठून करंडीभोवती फिरले, अननसाचा तुरा सरळ केला. "माझ्यापेक्षा मोठी पाठवलीय. आण, चष्मा आण. कार्ड दिसतंय."

अजूनही सांगता आलं असतं. बायको असली की अशा वेळी हातातलं काढून घेते, म्हणते, राहू द्या, मी बघते. वहिनींनी चष्मा आणून दिला.

साहेबांनी कार्ड उघडलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "लोकशाहीत हार-जीत व्हायचीच. आपला स्नेह..." पुढचं वाचायची गरज नव्हती, ते त्यांनीच लिहिलेलं होतं. तरी डोळे खाली सरकले, सहीपाशी गेले आणि तिथंच राहिले. आपलीच सही माणूस किती वेळ बघणार! ते खुर्चीत बसले. बसले म्हणजे खुर्ची मागे होती म्हणून, नाहीतर खालीच बसले असते.

वहिनींनी भाजीचं ताट उचलून बाजूला ठेवलं. पदर नीट केला. आणि त्या समोरच्या खुर्चीत, पाहुणीसाठी मागे सरकवून ठेवलेल्या त्या खुर्चीत जाऊन बसल्या. करंडी दोघांच्या मधे होती.

साहेबांनी वर बघितलं.

"चहा घेऊ म्हणते," वहिनी म्हणाल्या.

"मग कर की. मला कशाला सांगतेस?"

"मी आज पाहुणी आहे."

बायकोची चेष्टा असेल म्हणून साहेब हसायला गेले, पण तिचा चेहरा बघून ते हसू तिथंच राहिलं. तिची नजर त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर होती. मागे काय लावलंय हे त्यांना वळून बघावं लागलं नाही. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

साखर कुठे, पत्ती कुठे, गॅस कुठून लागतो, या माणसाला जन्मात ठाऊक नव्हतं. डबे उघडल्याचे आवाज येत राहिले, काहीतरी खाली पडलं, एक शिवी ऐकू आली, मग तीही बंद झाली. बऱ्याच वेळानं साहेब बाहेर आले. ट्रे सापडला नव्हता, कपबशीच हातात होती. वय झालं होतं, दुपारीही धड जेवलेले नव्हते. कप बशीत वाजत होता.

वहिनींनी चहा घेतला. पाणचट, आणि साखर विसरलेली. पण सगळा प्यायल्या, बशीतला सांडलेलाही. मग कप पुढे केला.

"आणखी अर्धा कप मिळेल?"

साहेबांनी कप घेतला नाही. ते तिच्यासमोर नुसते उभे राहिले, आणि एवढ्या सगळ्या वर्षांत जनतेच्या दरबारात जे त्यांनी कधी केलं नव्हतं ते बायकोसमोर केलं. आवाज खाली आणला.

"तो राँग नंबर नव्हता ना?"

"नव्हता."

"तीच होती?"

"हो."

"येते म्हणाली होती?"

"एकटीच येते म्हणाली. नमस्कार करून जाते म्हणाली. मी नको म्हटलं."

साहेब ओरडतील, करंडी लाथेनं उडवतील, असं वहिनींना वाटलं होतं. त्याची तयारीही होती. पण साहेब हळूच खाली बसले, खुर्चीत नाही, टिपॉयच्या कडेवर, त्यांच्या अगदी जवळ, आणि त्यांनी वहिनींचं मनगट धरलं. धरायला काहीतरी हवं म्हणून धरलं.

"अगं, उद्या बोलावशील तिला? तू सांगितलंस तर येईल. एकदाच. पाच मिनिटं. फोटो नको, काही नको."

वहिनींनी आपला हात सोडवून घेतला. रिकामा कप अननसाशेजारी ठेवला आणि बाजूला ठेवलेलं भाजीचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

"पुढची निवडणूक होऊ दे," त्या म्हणाल्या, "मग बघू."